अंजीची दाढ आणि माझी

पलूस, ज्येष्ठातला दुसरा सोमवार, सन १९४४

तीर्थरूप चंद्राअक्कास,

धाकटा भाऊ लालासाहेब याचा साष्टांग नमस्कार. (वाकून केला असं समज. वाकलं की गाल ठणकतो.) इकडं सगळे खुशाल आहेत, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. तुझी कंबर कशी आहे? जतला प्यायला पाणी तरी आहे का? म्हशी, सासूबाई आणि दाजी बरे असतील. (दाजी, पत्र तुम्हीच वाचून दाखवणार, तेव्हा म्हशींच्या मागं नाव आलं म्हणून फुगू नका. अक्काला सावकाश वाचून दाखवा.)

तर आपल्या धाकटीनं, अंजीनं, मागच्या पंधरवड्यात जेवण सोडलं. घास पुढं केला की तोंड फिरवायची आणि रडायची. बावीस वर्षांची झाली तरी जिभेला शब्द नाही, हातपाय जन्माचे ताठ, मान एका जागी ठरत नाही; कुठं दुखतंय ते बिचारी सांगणार कशी? शेजारच्या बनुबाईनं दृष्ट काढली. मला वाटलं रुसली असेल, म्हणून मी पावशेर बत्तासे आणले. किडक्या दाढेला बत्तासे! शेवटी राहीनं गाल चाचपला तेव्हा उलगडा झाला. (माझी बायको माझ्याहून शहाणी आहे, हे तू लग्नाच्या मांडवातच बोलली होतीस.) चूक आमचीच, अक्का. आई होती तोवर रोज सकाळी बोटाला फडकं गुंडाळून मिठानं अंजीचे दात घासायची. आई गेल्यावर राहीनं दोन दिवस घासले, तिसऱ्या दिवशी अंजीनं तिचं बोट चावलं, आणि पुढं वर्षभर त्या तोंडात कुणी डोकावलं नाही. लिहिताना लाज वाटते.

गावात दाढा उपटतो त्या न्हाव्यानंही लांबूनच हात जोडले. “आवं पैलवान, हलत्या मुंडीत चिमटा घालायचा म्हंजे लय जोखीम हाय, मला न्हाई जमायचं.” म्हणून सांगलीची वाट धरली. पेट्रोल लढाईवर गेल्यापासून मोटार कोळशाच्या धुरावर चालते, म्हणजे चढ आला की चालत नाही. तिथं अठरा माणसं खाली उतरून ढकलत होती आणि आत एकटी अंजी जहागीरदारणीसारखी बसलेली. तेवढ्या दुखण्यातही ती हसली. मग मी जरा जास्तच जोर लावला.

दातांचे डॉक्टर धन्यकुमार माणूस तरुण आणि देवासारखा, पण दवाखाना माडीवर. बावीस अरुंद पायऱ्या मी अंजीला पाठुंगळी घेऊन चढलो, तिचा पाय लागून त्यांची पाटी खाली रस्त्यावर गेली. वर खुर्ची अशी उताणी की अंजी तिच्यावरून शेंगांच्या पोत्यासारखी घसरली, घाबरली आणि तिनं दातखीळ बसवली. डॉक्टरांनी तोंड उघडायला विनवून पाहिलं आणि बोट चावून घेतलं. शेवटी ते म्हणाले, खुर्ची राहू द्या. आम्ही सगळे खाली सतरंजीवर बसलो, अंजीचं डोकं राहीच्या मांडीवर. तेव्हा मला आई आठवली. ती भरवताना स्वतः आ करायची की अंजी आ करायची. मी आ केला. अंजीनंही केला! मग थुंकी गिळायला मी तोंड मिटलं, तिनंही मिटलं, आणि डॉक्टरांचा आरसा आत अडकला.

त्यानंतर जे मला होईल तेच ती करून घेऊ लागली. चिमटा माझ्या दाढेला नुसता टेकवून डॉक्टर तिच्याकडं वळले, तर बाईसाहेबांनी तोंड मिटून माझ्याकडं रोखून बघितलं. फसवणूक तिला कळते, अक्का, तिला सगळं कळतं. डॉक्टर चाचरत म्हणाले, “पैलवान, तुमचीही एक दाढ पोकळ आहे. आज ना उद्या काढावी लागणारच.” मी, ज्यानं कुंडलच्या फडात तीन गडी चीत केले, तो पाणी पाणी झालो. सुईनं हिरडी बधिर होते म्हणे. भीती काही बधिर झाली नाही. पण अंजी बघत होती, ओरडण्याची सोय नव्हती. म्हणून दाढ निघेपर्यंत मी हसत राहिलो, डोळ्यांतून घळाघळा पाणी काढत हसत राहिलो. आणि अंजीनं माझ्याकडं बघत आपणहून आ केला, अगदी मोठा. दोन मिनिटांत तिची दाढ बाहेर.

दुसऱ्या दिवशी तिनं दुधात कुस्करलेली अर्धी भाकरी खाल्ली. राही चुलीपुढं बसून रडली. आता रोज सकाळी मी अंजीसमोर बसून दात घासतो, राही तिचे घासते, मग आम्ही दोघं एकदम चुळा टाकतो. लांब कुणाची जाते यावर भांडणही होतं.

थोरांना नमस्कार, पोरांचे गालगुच्चे घे.

तुझा,
लाला

ता. क. अंजीच्या अजून दोन दाढा काढायच्या आहेत. माझी बाकीची बत्तिशी डॉक्टरांनी दोनदा तपासली, एकही किडकी नाही. राहीचे दात मोत्यासारखे. घरात तुझीच एक दाढ दुखरी आहे, असं दाजींनी मागं कळवलं होतं. अंजीसाठी तेवढी दे. बेंदराचा सण यायच्या आत ये.

आणखी ता. क. दाजी, हे मनात वाचा. दाढ नकोय. अंजी आता आपणहून तोंड उघडते. पण जाताना आईनं अंजीचा हात अक्काच्या हातात दिला होता आणि अक्कानं, सासरी नेता येईना म्हणून, तो माझ्या हातात दिला. त्या दिवसापासून ती माहेरी आलेली नाही. नुसतं ‘ये’ लिहिलं तर ती रडत बसेल. दाढ मागितली तर धावत येईल. वाटेत कधीतरी तिला एवढं सांगा, की तो हात मला एक दिवसही जड झालेला नाही.