आजकालच्या अल्बममध्ये झांज नसते

२ जून, रविवार
आमच्या भजन मंडळाचा अल्बम निघतोय! शिवदासने आज सोसायटीच्या हॉलमध्ये जाहीर केलं. शिवदास म्हणजे आमचा बुवा. मी त्याला चारचौघांत बुवा म्हणतो, एरवी शिवदासच. कोकणातल्या एकाच वाडीतले आम्ही. रेकॉर्डिंग २३ तारखेला, गोरेगावला, खऱ्या स्टुडिओत. झांज अर्थात माझी. पस्तीस वर्षं मंडळात दुसऱ्या कुणाची झांज वाजलेली नाही.

संकल्प: तोवर रोज एक अल्बम ऐकायचा. अभ्यास म्हणून. कुठलाही प्रकार वर्ज्य नाही. दहापैकी गुण द्यायचे आणि मत परखड द्यायचं. बाहेर सगळे एकमेकांची पाठ थोपटत बसतात, निदान डायरीत तरी खरं बोलणारा माणूस हवा. अल्बमची नावं लिहिणार नाही. डायरी कुणाच्या हाती लागली तर कलाकारांना वाईट वाटेल.

लेकीने, प्रांजलने, तिचे जुने हेडफोन दिले, फोनवर ॲप टाकून दिलं. काहीतरी सूचनाही देत होती. पण आजकालच्या पोरी पुटपुटतात.

३ जून, सोमवार
संतूर. भलताच नावाजलेला अल्बम म्हणे. पाऊण तास कुणीतरी लाकडावर लाकूड आपटतोय. तारा लावायला विसरला असावा. २/१०.

५ जून, बुधवार
काल जमलं नाही. रोज म्हणजे अगदी रोज असं नाही.

आज गझल. गायिकेचा आवाज उबदार, पण शब्द सगळे चावून गिळलेले. उर्दू अशी खायची नसते. अनुपमा किचनमधून येऊन म्हणाली, किती स्पष्ट उच्चार आहेत ना! बायकोला संगीतातलं कळत नाही हे लग्न ठरतानाच माहीत होतं. ४/१०.

८ जून, शनिवार
अल्बम नाही. दारावरची बेल बिघडली. चिमणीचा आवाज काढणारी बेल आहे. कुरिअरवाला वाजवून वाजवून परत गेला. इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्याने तीनदा दाबली आणि म्हणाला, काका, वाजते की. मी म्हटलं, तू म्हणतोस म्हणून वाजणार आहे का? अनुपमा माझ्याकडे बघत राहिली.

९ जून, रविवार
तालीम. शिवदासने दुसऱ्याच अभंगाला हात वर केला. म्हणतो, “तुळशी, हळू वाजय रे, माका माझोच आवाज ऐकाक येना नाय.” माणूस बुवा झाला की त्याला आपलाच आवाज ऐकायचा असतो. खरं तर आज झांज मलाच नीट लागत नव्हती, दमट हवेने पितळ बसलंय. म्हणून पुढच्या गजराला अंमळ जोर लावला. पखवाजवाला उठून पाणी प्यायला गेला तो गजर संपल्यावरच आला.

१३ जून, गुरुवार
जॅझ. प्रांजल म्हणाली, यातला ड्रमवाला काठ्यांऐवजी ब्रशने वाजवतो, ते ऐका. अख्खा अल्बम ऐकला. ड्रमवाला पहिल्यापासून शेवटपर्यंत नुसता बसून आहे. मानधन मात्र पूर्ण घेतलं असणार. ३/१०, तेही मागच्या जाडजूड व्हायोलिनवाल्याला.

एक गोष्ट लक्षात आली. हल्लीच्या एकाही अल्बममध्ये झांज, घुंगरू, किणकिण असं काही नसतंच. वरचा मजलाच बांधत नाहीत. सगळं तळमजल्यावर. आमच्या अल्बमने ही उणीव भरून निघेल.

१६ जून, रविवार
अनुपमा वाकोल्याला बहिणीकडे गेली होती. डाळ कुकरला लावून गेली. तीन शिट्ट्या झाल्या की बंद करा, एवढंच काम. मी किचनच्या दारात खुर्ची टाकून बसलो. एकही शिट्टी झाली नाही. जळका वास आला तेव्हा उठलो. शेजारच्या सोनूबाई धावत आल्या आणि म्हणाल्या, अहो, पंधरा झाल्या, मी घरात बसून मोजत होते! मालाडला लेकीच्या घरी दूध उतू गेलं तरी या बाईला इथे कळतं.

कुकर दुरुस्तीला नेला. दुकानदार म्हणतो कुकर ठीक आहे. इलेक्ट्रिशियन, दुकानदार, कुणाला आपल्या कामाची लाज म्हणून राहिलेली नाही.

१८ जून, मंगळवार
हेवी मेटल. घाबरत लावला. काय सांगू! इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी नीट वाजवलं. छातीत धडधडतंय, खुर्ची हलतेय. गायक वेदनेत आहे पण प्रामाणिक आहे. ९/१०. झांजेअभावी एक गुण कापला. प्रांजल येऊन म्हणाली, बाबा, हेडफोन तुमच्या कानावर आहेत आणि मला हॉलमध्ये ऐकू येतंय. मी म्हटलं, हीच तर दर्जेदार रेकॉर्डिंगची खूण.

२० जून, गुरुवार
अनुपमाने कानाच्या डॉक्टरचा विषय काढला. हे बहुतेक मायलेकींचं कारस्थान आहे. शांतपणे समजावलं. माझ्या वडिलांचे कान गेले ते गिरणीमुळे, तीस वर्षं मागांच्या खडखडाटात उभे राहून. शेवटी शेवटी आम्ही त्यांच्याशी पाटीवर लिहून बोलायचो. मी जन्मभर एसी ऑफिसात बसलो. माझ्या कानाला काय होणार? शिवाय तीन दिवसांवर रेकॉर्डिंग. डॉक्टरने काहीतरी खुसपट काढलं आणि माझी जागा दुसऱ्याला गेली तर? हे शेवटचं वाक्य तिला सांगितलं नाही.

२३ जून, रविवार
रेकॉर्डिंग!! आयुष्यातला मोठा दिवस.

रेकॉर्डिस्ट मुकुल म्हणून तरुण मुलगा. मी पहिला ठोका दिला आणि त्याने हेडफोन कानावरून भिरकावलेच. थक्क झाला. मग मला म्हणाला, काका, तुम्ही जरा काचेपलीकडे बसता का? सोलो वाद्यांना वेगळी खोली देतात असं वाचलंय. दुसऱ्या अभंगाला त्याने आणखी विचार करून मला बाहेर पॅसेजमध्ये बसवलं. दार लावून घेतलं. आतल्या कुणालाही असा मान मिळाला नाही.

मध्येच शिवदास आणि तो काचेमागे बराच वेळ बोलत होते. दोघेही हातवारे करत होते. माझ्याबद्दलच असणार. शिवदास बाहेर आला, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, वाजय. मी जीव ओतून वाजवलं.

१४ जुलै, रविवार
अल्बम आला. लिंक सकाळी ग्रुपवर पडली. देवाला नमस्कार करून हेडफोन लावले.

झांज नाही.

आठही अभंग तीनदा ऐकले. शिवदास आहे, पखवाज आहे, कोरस आहे. मी नाही. फार लक्ष दिलं तर मागे कुठेतरी कुणी किल्ल्यांचा जुडगा हलवतोय एवढंच. माझी झांज कापली! काचेमागे हेच ठरत होतं आणि वर खांद्यावर हात ठेवायला आला होता. मला रडू आलं, हे इथे लिहून ठेवतो.

मंडळाच्या ग्रुपवर मेसेज टाकला. पस्तीस वर्षांच्या सेवेचं हे फळ का, पाठीत खंजीर, राजीनामा वगैरे. त्यानंतर ग्रुप सोडला.

आमचा अल्बम: ०/१०.

१५ जुलै, सोमवार
संध्याकाळभर दारासमोरच्या खुर्चीत बसून होतो. अनुपमा आणि प्रांजल बाजारात गेल्या होत्या. खात्री होती, शिवदास येईल, तोंड दाखवेल. आला नाही. बेलकडे कान लावून होतो, चिमणीने हूं की चूं केलं नाही. एका वाडीतला माणूस, दोन मजले चढून यायची हिंमत झाली नाही. संपलं.

१६ जुलै, मंगळवार
अनुपमाला खाली शिवदास भेटला. काल तो आला होता. दहा मिनिटं बेल वाजवत दाराबाहेर उभा होता. हातात पेढ्यांचा पुडा होता, अल्बमचा पहिला पेढा तुळशीला म्हणून. आतून माझं खोकणं त्याला ऐकू येत होतं. त्याला वाटलं, मी मुद्दाम दार उघडत नाही. पुडा तसाच घेऊन परत गेला.

अनुपमा हे सगळं माझ्या समोर बसून, तोंडाकडे बघून, सावकाश बोलली. ती हल्ली नेहमीच असं बोलते हे आज लक्षात आलं.

डॉक्टरची वेळ घे म्हटलं. तिने आधीच घेतलेली होती.

२० जुलै, शनिवार
काचेच्या पेटीत बसवलं. आवाज ऐकू आला की बटण दाबा. बराच वेळ काहीच झालं नाही. मशीन बिघडलंय असं सांगायला मान वर केली, तर डॉक्टरीणबाई माझ्याकडे बघून कागदावर काहीतरी लिहीत होत्या. मान परत खाली घातली.

कागदावर रेघ सुरुवातीला सरळ चालते आणि मग घाटातून उतरल्यासारखी खाली जाते. बारीक, उंच आवाज गेलेत. दोन्ही कानांचे. बाईंनी विचारलं, गोंगाटाच्या जागी काम होतं का? मी म्हटलं, छे, एसी ऑफिस. अनुपमा म्हणाली, झांज वाजवतात, पस्तीस वर्षं, कानाजवळ धरून. बाईंनी पेन खाली ठेवलं.

वडिलांना गिरणीचा निदान पगार मिळत होता.

३ ऑगस्ट, शनिवार
यंत्रं बसली, दोन्ही कानांत. घरी येताना रिक्षात स्वतःचीच प्लास्टिकची पिशवी ऐकून दचकलो. अनुपमाच्या बांगड्या वाजतात. कुकरची शिट्टी म्हणजे अत्याचार आहे. बेल स्वतः बाहेर जाऊन चारदा दाबली. चिमणी आहे. सोनूबाई दार उघडून बघून गेल्या.

संतूर पुन्हा लावला. तारा आहेत. पुष्कळ आहेत. गुण बदलणार नाही, तत्त्वाचा प्रश्न आहे.

४ ऑगस्ट, रविवार
सकाळी शिवदासच्या घरी गेलो. काय बोलायचं ते पाठ केलं होतं, पण तोंडातून फक्त “पेढो खंय?” एवढंच निघालं. तो हसला. पेढे त्याच्या नातवाने कधीच संपवले होते. मग कळलं ते असं: मुकुलने काचेमागे सांगितलं होतं की झांज दुसऱ्याकडून वाजवून घेऊ, नाहीतर अल्बम वाया जाईल. शिवदास म्हणाला होता, “तुळशीची झांज नाय, तर अल्बम नाय.” हे त्याने नाही सांगितलं, त्याच्या बायकोने सांगितलं. तो चहात बघत बसला होता.

घरी येऊन यंत्रं नीट बसवली आणि अल्बम लावला.

झांज आहे. पहिल्या अभंगापासून आठव्यापर्यंत झांजच आहे. शिवदासने आयुष्यात लावला नसेल असा सूर तिसऱ्या अभंगात लावलाय, आणि नेमक्या त्या जागी मी त्याच्यावर परातीच्या पराती पालथ्या घातल्यात. कोरस कुठेतरी खालून हाका मारतोय. पॅसेजमधून, बंद दारातून, एवढं.

परखड मत: गायन १०/१०. पखवाज ९/१०. झांज असह्य. वादकाला कुणीतरी वेळेवर सांगायला हवं होतं.

मागची पानं उलटून पाहिली. सगळ्यांनी सांगितलं होतं. तारीखवार लिहिलेलं आहे.