सरलष्करांचं मानपत्र

ता. ४ मार्च १८६४, अमरावती

सरलष्कर केशवरावांचा सत्कार! मानपत्र कोणी लिहायचं? मी! नत्थुजी शेठ म्हणाले, "तुमी त्यायच्या फौजेत कारकून होते ना? मंग?"

अमेरिकेतल्या लढाईनं कापसाचा भाव चढला, पेठ गबर झाली. आता तिला घरचा शूर पुरुषही पाहिजे.

ता. ५

"रणधुरंधर" लिहिलं. खोडलं.

सहा वर्षांपूर्वीची मेळघाटातली ती खिंड. वर झाडीत बंडवाले, खाली आम्ही. भर दुपारी या सरलष्करानं माणसं समोरून चढवली! गुराखीसुद्धा वाघाच्या तोंडावर ढोरं हाकत नाही. मागची वाट मोकळीच — बंडवाले तिथून आरामात निघून गेले. रिकामी खिंड जिंकली म्हणे!

तेवीस मेले. त्यांत माझा थोरला भाऊ सूर्यभान. प्रेतही मिळालं नाही. मी खाली गाड्यांपाशी होतो. मेलेल्यांची यादी सरलष्करांनी सांगितली, मी लिहिली. भावाचं नाव याच हातानं.

ता. ७

ठरलं. मानपत्र नाही, त्या तेवीस जणांची नावं वाचीन. भर सभेत!

सूर्यभानची बायको सुभद्रावहिनी म्हणाली, "वाचा भाऊजी. त्यायचं नाव साऱ्या गावाले आयकू द्या."

ता. ९

सरलष्कर अकोल्याहून आले. उतरले तिथं गेलो. म्हातारा झालाय. मला कीव आली नाही. तोंडावर विचारलं, "मागची वाट काहून मोकळी सोडली?"

"सोडली नव्हती. दहा जन तिकडून पाठवले होते. वाट दाखवाले तुझा भाऊ. तो अर्ध्यातून पळाला. त्या दहांनी डोळ्यानं पाहिलं. ते रानात भटकले, अन् मी त्यायच्या भरवशावर चढलो."

ती यादी आठवली. विचारलं,

"मंग मेलेल्यांत त्याचं नाव काहून?"

"पळपुट्याच्या बायकोले गावानं जगू देलं असतं? त्या दहांले मी गप राहाची शपथ घातली."

"म्हणून नवरा जिता असून तिचं कुंकू पुसाले लावलं!"

त्याची मान खाली.

हीही त्याचीच चाल — खिंडीतल्यासारखी. दुसऱ्याच्या जिवावर! आणि माझा भाऊ? त्याला काय म्हणू? लेखणी चालत नाही.

वहिनीला सांगायला तोंड उघडलं. सांगितली फक्त उद्याच्या सभेची वेळ.

ता. १०

सभेत बावीस नावं वाचली. तेविसाव्यावर, सूर्यभानच्या नावावर, थांबलो. सरलष्करांनी डोळे मिटून घेतले.

बायकांच्या बाजूला सुभद्रावहिनी उठून उभी राहिली.