श्वास घेतला की हात वाकतो

पुणे

अण्णा, तुला आणि आईला अनूचा नमस्कार. मी दोन्ही वेळ पोटभर जेवायलेय, आईला सांग.

तू फोन उचलंना, म्हणून डाव्या हातानं लिहायलेय. अक्षराला हसू नको.

गाडी घसरली तेव्हा खांद्यातून उजव्या हाताला जाणाऱ्या माझ्या नसा तुटल्या. डॉक्टरांनी बरगड्यांमधल्या नसा दंडाच्या स्नायूला जोडल्या, तेव्हा तू म्हणाला होतास, "श्वासाच्या नसांनी हात कसा हलंल?"

काल व्यायाम घेणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "अनुपमा, छाती भरून श्वास घे." मी घेतला आणि वर्षभर लोंबकळणारा हात कोपरात वाकला! थोडासाच, पण वाकला. मी लय रडले. मॅडम हसून म्हणाल्या, "आता सराव केलास की श्वास न घेताही वाकेल."

बोटं अजून हलंनात. त्याचं नंतर बघू.

तू गाडीला हातच लावंना, असं वहिनी सांगत होती. अण्णा, कुत्रं आडवं आलं, त्यात तुझा काय दोष? आईला बाजाराला कोण नेतं मग?

रविवारी मी पूर्णा स्टेशनवर उतरीन. ताडकळसला न्यायला तूच गाडी घेऊन ये. भीती मलाबी वाटती. तरी मी तुझ्याच मागं बसणार.

तुझी,
अनू