तात्यांच्या दंडावरचा पट्टा

कोक्विटलाम, कॅनडा, १६ ऑक्टोबर २०२३

चि. पुष्करास अनेक आशीर्वाद, वि. वि.

आपण दोघं एकाच हाताने वाढलो. माझ्या वडिलांना, म्हणजे तुझ्या आजोबांना, तात्यांना, दुसरा नव्हताच, आणि तो कुठे गेला हे आपल्याला कुणी धड विचारलं नाही. आता ब्रॅम्पटनच्या मंडळाने विचारलं, तर तू खोटं लिहिलंस.

प्रदर्शनातल्या पाटीचा तुझा फोटो पाहिला. ‘जर्मन छत्रीधारी सैनिकाकडून जिंकून आणलेला पट्टा.’ उत्तर कागदावर देते, डिलीट करता येऊ नये म्हणून. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांच्या हिंदी फौजेतून तात्या लिबियात लढले ते इटालियन कॅराबिनिएरींशी, लष्करी पोलिसांच्या छत्रीधारी बटालियनशी. मग जर्मन कुठून उगवले?

विंटर टायर घालून घे.

रागावलेली, तरी तुझीच,
सुमेधाआत्या

ब्रॅम्पटन, २४ ऑक्टोबर

ती. आत्यास सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून माझ्या लेकीने, गौरांगीने, माझी धडगत नसल्याचं इंग्रजीत जाहीर केलं.

मी आधी इटालियनच लिहिलं होतं. कमिटी हसली. त्यातल्या प्रणवने विचारलं, इटालियन तर पळपुटे, पळणाऱ्यांनी हात कसा तोडला? तात्यांची थट्टा नको म्हणून एक शब्द बदलला. ते युनिट इथे कुणाला ठाऊकही नाही. आता पाटी लॅमिनेट होऊन लागलीसुद्धा.

राग आवर, माया आवरू नकोस.
पुष्कर

कोक्विटलाम, ३१ ऑक्टोबर

चि. पुष्करास आशीर्वाद.

प्रणवला सांग, डिसेंबर १९४१ मध्ये स्वतःच्या माघार घेणाऱ्या फौजेला वाट मिळावी म्हणून त्या इटालियनांनी एलुएत-एल-आसेलचा चौक अंधार पडेपर्यंत धरून ठेवला. विमानातून उड्या मारायला शिकलेली माणसं, छत्रीशिवाय, जमिनीवर पालथी पडून लढली. पळणाऱ्यांशी लढताना हात जात नाही. त्यांना हसणारा तात्यांनाच हसतो, आणि तू त्याला पाटी लिहून दिलीस.

आणि ‘जिंकून आणलेला’? तात्यांनी हे फक्त मला सांगितलं, मी त्यांच्या सदऱ्याची बटणं लावत असताना. तुला सांगायचं मी टाळलं, ही चूक माझी. ते हाताला जखम होऊन पडले तेव्हा पकडलेल्या इटालियनांपैकी एकाने स्वतःचा पट्टा सोडून त्यांचा दंड आवळला. रक्त थांबलं. त्याचं नाव विचारायचं राहिलं, म्हणून तात्या शेवटपर्यंत हळहळले. नाव गेलंच. आता त्याचा देशही काढून घेतोस? त्याने हात आखडता घेतला असता तर मी नाही, तू नाही, गौरांगीही नाही.

लॅमिनेशनवर काळा मार्कर चालतो. अकरा नोव्हेंबरला, सैनिकांच्या स्मृतिदिनी, हॉल उघडण्याआधी जा, कमिटीसमोर ‘जर्मन’ आणि ‘जिंकून आणलेला’ खोड, आणि स्वतःच्या हाताने लिही: इटालियन सैनिकाने दिलेला.

तुझी आत्या