किनाऱ्याकडे गेलेली मादी

स्वालबार्ड, नॉर्वे, ५ मार्च २००६

ती. सुप्रभाआत्यास,
चैत्रालीचा सा. न. वि. वि.

तुझे डिंकाचे लाडू संपले. निम्मे माझ्याबरोबर संशोधनाला आलेल्या सॅलीने खाल्ले. तिची आजी मुंबईची, म्हणून ती माझ्याशी हट्टाने मराठीच बोलते: लाडू संपली!

इथे जानेवारीत चक्क पाऊस पडला, आत्या. तो गोठून जमिनीवर काचेसारखा थर बसलाय. गवत, शेवाळ सगळं खाली बंद. एका उंचवट्यावर तेवढं थोडं उघडं आहे, पण तिथे धष्टपुष्ट रेनडिअर ठाण मांडून. एका रोडक्या मादीला नि तिच्या पिल्लाला ते शिंगांनी हुसकतात. मला बघवत नाही. आमच्याकडे ओट्स आहेत, पण सॅली म्हणते, आपण बघायला आलो, वाढायला नाही.

आशीर्वादाची भुकेली,
चैत्राली

कॉव्हेंट्री, १६ मार्च २००६

चि. चैत्रालीस, अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचून घास उतरेना. तुझे काका म्हणाले, संशोधनात तिने मध्ये पडू नये. मी म्हटलं, लेकुरवाळी उपाशी समोर उभी असताना कसला आलाय नियम? सॅलीची पाठ वळली की टाक मूठभर. आणि थंडीत कानाला बांधत जा.

माया आहेच, ती पत्रागणिक वाढू दे.
तुझी आत्या

लेस्टर, २ जुलै २००६

ती. आत्यास सा. न.

रागावली असशील. लिहायचा धीर होत नव्हता.

तुझं पत्र मिळालं त्याच दिवशी मी खिशात ओट्स भरून निघाले. सॅलीने पाहिलं. ती ओरडली नाही. म्हणाली, त्यांच्या पोटाला धान्याची सवय नाही, फुगून मरतील. आणि आधी धावून येतील ते दांडगेच. मी रडत भांडत होते, तोवर मादी उतारावरून समुद्राकडे निघाली. आम्ही मागे गेलो. किनाऱ्यावर लाटांनी टाकलेलं समुद्री शेवाळ तिने बर्फातून ओढून काढलं नि चावू लागली. पिल्लाने हुंगून तोंड फिरवलं. मग तिच्या तोंडात लोंबणारं टोक हळूच ओढलं.

आठवड्याने ती तिथेच बसली, ती उठली नाही. पिल्लू एकटंच किनाऱ्यावर जात राहिलं. सॅली तिथेच थांबली, मला मात्र परतावं लागलं.

काल सॅलीकडून डबा आला. बर्फ वितळल्यावर तिने त्या पिल्लाच्या मागे फिरून लेंड्या गोळा केल्या होत्या. मायक्रोस्कोपखाली पाहिलं, आत्या. समुद्री शेवाळ कुठेच नाही. सगळं कोवळं गवत! लॅबमध्ये मी एकटीच होते, तरी मोठ्यांदा ओरडले.

काकांना नमस्कार. लोभ आहे तसाच ठेव.
तुझी,
चैत्राली