बानूबाईचे राहते घर

येलदरी, मे १९५४

ती. दिनकरमामांस भुजंगचा साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा आता कसा आहे? मामींना पाणी उकळून प्यायला सांगावे. इकडे पटकीची साथ आहे. मी बरा आहे. दंड सुजला आहे, त्याचे कारण खाली येईल.

सुटीत मास्तर रिकामे असतात, असे तहसिलीचे मत आहे. म्हणून टोचणीच्या ठाण्यावर मला नावे लिहायला बसवले. टोचून घेणाऱ्या कुटुंबाला पंधरा दिवसांची ज्वारी फुकट. तरीही सुई पाहून गावकरी शेतात पळाले. (मी आदल्या दिवशी टोचणीवर तासभर भाषण केले होते. टोचून घेतले नव्हते.) आले ते फक्त पूर्णेकाठी अडकलेले मेंढके. साथीमुळे त्यांना हलायची बंदी. ज्याच्या रानात मेंढरे बसवावीत तो लेंडीखताच्या बदल्यात धान्य देतो. बंदीमुळे रानही नाही आणि धान्यही नाही. चार दिवस पोरे नुसत्या दुधावर होती.

त्यांच्यात बानूबाईचा शब्द चालतो. लोकर कातरताना मेंढी धरतात तसा तिने एकेक माणूस गुडघ्यांत धरला, डॉक्टरांनी टोचला, तिने खांद्यावर गेरूचा पट्टा ओढून सोडून दिला. एकतीस माणसे, तासाच्या आत. मग तिला माझा कोरा खांदा दिसला. "मास्तर, तुमी कोणच्या कळपातले?" एवढेच विचारले. मामा, मी बत्तिसावा.

ज्वारी द्यायच्या वेळी कारकून व्यंकटराव आडवे आले. यादीत गाव आणि राहते घर हवे, म्हणून बानूबाईला विचारू लागले.

"गाव कोणतं?"

"आजचं सांगू का कालचं?"

"घर कुठाय?"

"घर असतं तर साहेब, तुमच्या दारात कशाला आलो असतो?"

सरकार त्यांना जाऊ देत नव्हते, आणि ते राहतात हेही मानत नव्हते. बानूबाई ओरडली नाही. व्यंकटरावांच्या टेबलाभोवती तिने रिकामी पोती अंथरली, पोरे बसवली आणि म्हणाली, "आता हितंच ऱ्हातो. लिवा."

व्यंकटराव जेवायला गेले. मी लिहिले. ज्वारी मिळाली. पाटीवर तीस वर्षे शिकवूनही मला असा धीट माणूस घडवता येणार नाही.

आपला,
भुजंग

ता. क. राहते घर म्हणून मी चारठाण्याचे तुमचे लिहिले आहे. चौकशी आली तर एकतीस माणसे माडीवर राहतात असे सांगावे. नात्याच्या रकान्यात बानूबाई तुमची बहीण आहे.

पुन्हा ता. क. हे तिला वाचून दाखवले. ती हसली नाही. बंदी उठली की चार रात्री तुमच्या रानात मेंढरे बसवणार आहे. धान्य घेणार नाही. भावाकडून कसले घ्यायचे, म्हणाली. भाऊबीजेची चोळी मात्र हिरवी हवी.