चाकांची खुर्ची वाहन नसल्याबाबत

प्रति,
मा. वाहतूक परवाना अधिकारी,
रस्ते व वाहतूक विभाग,
नगर कार्यालय (खिडकी क्र. ३ मार्फत)

विषय : येत्या रविवारच्या धर्मादाय दौडीत माझ्या पत्नीस चाकांच्या खुर्चीतून सहभागी होऊ देण्याबाबत, व त्यासाठी सदर खुर्चीची वाहन म्हणून झालेली नोंद रद्द करण्याबाबत.

संदर्भ : १) माझे यापूर्वीचे सहा अर्ज. २) आपले सोमवारचे पत्र, 'वाहनास प्रवेश नाही'.

महोदय,

मी आमच्या चर्चच्या धावगटाचा चिटणीस असून हा माझा सातवा अर्ज आहे. आधीचे सहा आपल्या टेबलापर्यंत पोचले की वाटेतच बसले हे मला कळायला मार्ग नाही, म्हणून सर्व हकीकत पहिल्यापासून लिहितो. अर्ज लांबल्यास क्षमा असावी. थोडक्यात लिहिलेले तीन अर्ज 'तपशील अपुरा' असा शेरा मारून परत आले आहेत.

१. आमच्या गटात सव्वीस माणसे आहेत. चार वर्षांपूर्वी फादरांच्या असे लक्षात आले की प्रार्थनेला उठताना सगळ्यांच्या गुडघ्यांचाच आवाज जास्त येतो, त्यांच्या स्वतःच्याही. त्यांनी दर शनिवारी सकाळी चर्चच्या आवारात धावण्याचा सराव सुरू केला. शाळेतून निवृत्त झालेले कवायतीचे मास्तर शिकवायला लाभले. गळ्यातली शिट्टी ते जेवतानाही काढत नाहीत, म्हणून त्यांना सगळे शिट्टीमास्तर म्हणतात. बेकरीवाला, दातांचे डॉक्टर, शिंपीणबाई, ऑर्गन वाजवणाऱ्या बाई असे एकेक जण येत गेले. मला पत्नीने ढकलले. मी चौतीस वर्षे लिफ्ट दुरुस्तीचे काम केले, पायांवर विसंबण्याची मला सवय नव्हती. माझे अक्षर बरे असल्याने पहिल्याच आठवड्यात मला चिटणीस करण्यात आले व त्याचे परिणाम मी आजतागायत भोगत आहे.

वर्षातून एकदा आम्ही आपल्या मंजूर मार्गावरून, म्हणजे चर्चच्या फाटकापासून पुलापर्यंत व परत, बारा किलोमीटर धावतो. त्यातून मिळणारी देणगी रुग्णांना घरून इस्पितळात नेणाऱ्या गाडीला जाते. गाडीबरोबर दोन मदतनीस असत. जिने उतरू न शकणाऱ्या रुग्णाला ते खुर्चीत बसवून, एक पुढून व एक मागून धरून, खाली आणत. माझ्या पत्नीची मूत्रपिंडे निकामी झाली असून तिला आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावे लागते. आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो. इमारतीला लिफ्ट नाही. हे वाक्य लिहिताना मला दर वेळी थोडे ओशाळल्यासारखे होते.

२. आता आमची चूक कबूल करतो. पहिल्या वर्षी देणगीचे अर्ज छापण्यापूर्वी सभा झाली. इतर ठिकाणी देणगीदार दर किलोमीटरमागे पैसे देतात. आमच्या सभेत बेकरीवाला उठून म्हणाला, "किलोमीटर काय मोजताय? आपल्याला बघून कुणाला किलोमीटर आठवणारच नाहीत. मिनिटं मोजा, मिनिटांची आपल्याकडे ददात नाही." सगळे हसले. हसण्याच्या भरात ठराव मंजूर झाला व अर्जावर छापले गेले की, गटातील शेवटचा माणूस फाटकात परत येईपर्यंत जितकी मिनिटे लागतील, तितक्या मिनिटांची देणगी देऊ. नव्वद देणगीदारांनी पाच वर्षांसाठी सह्या केल्या. आता अर्ज बदलायचा तर नव्वद दारे पुन्हा ठोठावावी लागतील, आणि खजिनदार असलेले दातांचे डॉक्टर सांगतात की त्यातली निम्मी उघडणार नाहीत. त्यांना अशा बाबतीत अनुभव आहे.

पहिल्या वर्षी शेवटचा माणूस मी होतो. मला तीन तास दहा मिनिटे लागली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, फादरांनी मला मिठी मारली आणि गाडी व दोन्ही मदतनीस वर्षभरासाठी निश्चिंत झाले.

३. त्यानंतर आम्ही तंदुरुस्त होऊ लागलो. शिट्टीमास्तरांनी आमच्याकडून जे करून घेतले त्याचे वर्णन येथे करीत नाही. दुसऱ्या वर्षीही शेवटचा मीच होतो, पण अडीच तासांत आलो. देणगी घटली व एका मदतनिसाला निरोप द्यावा लागला. मग खुर्चीची मागची बाजू मी धरू लागलो. आठवड्यातून तीनदा चार मजले उतरणे आणि चार मजले चढणे, तेही वजनासह. याचा व्हायचा तो परिणाम झाला. तिसऱ्या वर्षी मी एक तास अठ्ठेचाळीस मिनिटांत फाटकात उभा होतो, तोही शेवटून पहिलाच. मास्तरांनी घड्याळ पाहून माझी पाठ थोपटली. खजिनदार डॉक्टर माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत. दुसरा मदतनीसही गेला. आता गाडी फक्त दारापर्यंत येते आणि पत्नीला मी पाठीवर घेऊन उतरवतो.

थोडक्यात, महोदय, मी जितका तिला उचलतो तितका मी वेगाने धावतो, आणि जितका वेगाने धावतो तितके मला तिला उचलावे लागते. मास्तर म्हणतात यंदा मी नव्वद मिनिटांच्या आत येईन. तसे झाल्यास गाडीही बंद होईल. त्या गाडीने जाणारे आणखी दहा रुग्ण आहेत व त्यांच्यापैकी कोणाच्याही घरी लिफ्ट दुरुस्त करणारा नवरा नाही, म्हणजे निदान पाय मजबूत झालेला नवरा नाही.

४. मुद्दाम सावकाश धावावे, असे कोणीही सुचवील. मलाही सुचले होते. मागच्या वर्षी नवव्या किलोमीटरला मी बुटाची नाडी सोडली आणि बाकावर बसलो. पुढे गेलेले फादर मागे वळून आले आणि माझ्याशेजारी उभे राहिले. मग म्हणाले, "आपण लोकांना धावून दाखवायचं कबूल केलंय, बसून नाही." मी नाडी बांधली. हा प्रकार मी लेखी कळवीत आहे, तो माझ्याविरुद्ध वापरला गेल्यास माझी हरकत नाही.

मार्ग वाढवून मिळावा म्हणून मी आपल्याकडे तीन अर्ज केले. त्यावर सहा खात्यांची ना-हरकत मागण्यात आली. पाच आणली. पाणीपुरवठा खात्याने लिहून दिले की, 'या विषयाशी आमचा संबंध नाही.' आपल्या खिडकीवरील बाईंनी ते पत्र दोनदा वाचले आणि मला समजावले, "संबंध नाही म्हणजे हरकत नाही असं होत नाही ना, काका." पाणीपुरवठा खात्याचे उंबरठे मी दीड महिना झिजवले. त्यांना आमच्या धावण्याबद्दल हरकत घेण्याइतकाही रस निर्माण करणे मला जमले नाही.

५. मार्ग निघाला तो पत्नीकडून. सरावाच्या दिवशी मी तिला खाली आणून आवारातल्या झाडाखाली खुर्चीत बसवतो, तेवढीच तिला हवा. एके शनिवारी मास्तर हजेरी घेत असताना तिने हात वर केला आणि म्हणाली, "मास्तर, माझं पण नाव घाला. हे मला ढकलतील. माझ्याइतकं मागे दुसरं कुणीच राहणार नाही, आणि त्यात लबाडी काही नाही." मास्तरांच्या तोंडातून शिट्टी पडली. फादरांनी विचार केला व सांगितले की जिला जितके जमते तितके ती करणार असेल तर देणगीदारांची यात कोणतीही फसवणूक होत नाही. इस्पितळातील डॉक्टरांनी दर पंधरा मिनिटांनी थांबण्याच्या अटीवर संमती दिली. आम्ही हिशेब केला. थांबत, ढकलत, पुलाची चढण धरून साडेतीन तास सहज लागतील. एक मदतनीस परत येईल, कदाचित दोघेही.

शिंपीणबाईंनी तिच्यासाठी गटाचा सदरा शिवला. मापे घ्यायला त्या चार मजले चढून आल्या.

६. येथे आमचे घोडे आपल्या कार्यालयात अडले. दौडीच्या वेळी मार्ग वाहनांना बंद असतो. आपल्या नियमानुसार चाके असलेले व माणूस वाहून नेणारे कोणतेही साधन हे वाहन ठरते, सबब खुर्चीची रीतसर नोंदणी केल्याशिवाय विचार होणार नाही, असे मला कळवण्यात आले. मी नोंदणीचा अर्ज प्रामाणिकपणे भरला. इंधनाचा प्रकार : मी. इंजिनची स्थिती : वय त्रेसष्ट, गुडघे दोन, पैकी उजवा बरा. भोंगा : पत्नी स्वतः सूचना देईल. यात थट्टा करण्याचा हेतू नव्हता. रकाना रिकामा ठेवल्यास अर्ज बाद होईल असे खाली छापलेले होते.

भोंग्याची प्रत्यक्ष तपासणी आवश्यक असल्याने आम्हाला तपासणी मैदानावर बोलावण्यात आले. पहिल्या खेपेस तपासनीस रजेवर होते. दुसऱ्या खेपेस भेटले. भला माणूस. त्यांनी खुर्चीभोवती एक फेरी मारली, मग अवघडून म्हणाले, "मावशी, जरा वाजवून दाखवा." पत्नीने त्यांच्याकडे पाहिले आणि एवढेच म्हणाली, "बाजूला व्हा." ते बाजूला झाले आणि त्यांनी लिहिले, 'ध्वनी समाधानकारक.' मागचा दिवा मी लावून घेतला. धूर तपासणीचा दाखला मिळवायला तीन आठवडे गेले, कारण यंत्राची नळी नेमकी कोठे धरावी यावर तेथील कर्मचाऱ्यांत एकमत होईना.

मागच्या शुक्रवारी खुर्चीची नोंदणी पूर्ण झाली. क्रमांकाची पट्टी मिळाली, ती मी खुर्चीच्या पाठीला बसवली. सोमवारी आपले पत्र आले : सदर खुर्ची आता नोंदणीकृत वाहन असल्याने व दौडीच्या मार्गावर वाहनांस मनाई असल्याने प्रवेश नाकारण्यात येत आहे.

हे पत्र मी जिन्यात उभा राहून वाचले. मला राग आला नाही. राग येण्यासाठी जे काही लागते ते माझ्याजवळ शिल्लक नव्हते.

यापुढे परिच्छेदांना क्रमांक देत नाही. लिहायचे आहे ते क्रमांकात बसत नाही.

महोदय, आपले कर्मचारी वाईट नाहीत. खिडकीवरील बाई मला पाणी विचारतात. प्रत्येकाने नियमाप्रमाणेच काम केले, याबद्दल माझी तक्रार नाही. मिनिटांचा ठराव आम्ही हसत हसत केला, ती चूक आमची, आणि तिचा भार आपल्या खात्याने उचलावा अशी माझी अपेक्षा नाही. देणगी कमी आली तर आम्ही पुढच्या वर्षी नव्वद दारे ठोठावू. गाडी बंद पडली तर बेकरीवाल्याचा टेम्पो आहे, तो म्हणतो पहाटेचे पाव पोचवून झाले की देतो. मी तिला उचलत राहीन. उचलता येईल तोवर उचलीन, यात मोठेपणा काही नाही, ती माझी बायको आहे.

परंतु मागणी तेवढ्यापुरती राहिलेली नाही, हे मला आपल्यापासून लपवता येत नाही. दोन वर्षे झाली, पत्नीने इस्पितळ, चर्चचे आवार आणि आपले तपासणी मैदान याखेरीज काही पाहिलेले नाही. पूल पाहिलेला नाही. नोंदणीच्या खेपा सुरू झाल्यापासून ती रोज विचारते, "पत्र आलं का?" मिनिटांबद्दल ती आता विचारत नाही. पुलावर वारा असतो का, ऊन कोणत्या बाजूने येईल, वाटेत थांबायचे तर कुठे थांबू, हे विचारते. शिंपीणबाईंचा सदरा तिने उशाशी ठेवला आहे.

मंगळवारी तिला इस्पितळातून वर आणत होतो. तिसऱ्या मजल्यावर आम्ही नेहमी टेकतो, तिथे तिने पुन्हा विचारले. मला धाप लागली होती. खिशात आपले पत्र होते. मी म्हणालो, आले, परवानगी मिळाली.  मग माझ्या खांद्यावर डोके टेकून ती रडली, आणि लग्नाला छत्तीस वर्षे झाली तरी मला ते रडणे कशाचे आहे हे समजायला थोडा वेळ लागला. ती आनंदाने रडत होती.

तेव्हा माझी विनंती अशी की सदर खुर्चीची नोंद रद्द करावी. पट्टी, दिवा व धुराचा दाखला मी खिडकीवर परत करण्यास तयार आहे. नोंद रद्द करणे नियमात बसत नसेल तर माझ्या पत्नीस पायी चालणारी व्यक्ती समजावे, आणि तेही बसत नसेल तर रविवारी सकाळी सहा ते दहा या वेळेत आपल्या माणसांनी पुलाकडे पाठ करून उभे राहावे. या अर्जास कागदपत्रे जोडलेली नाहीत, जी होती ती सर्व आपल्याकडेच आहेत.

रविवारी पहाटे पाचला मी तिला सदरा घालून खाली आणण्यास सुरुवात करीन. आपले उत्तर नकाराचे असल्यास ते पोस्टाने पाठवू नये, मजकडेही देऊ नये. चौथा मजला, डावीकडचे दार, दिवसभर ती खिडकीशी बसलेली असते. आपण स्वतः वर येऊन तिला सांगावे. माझ्याने ते होणार नाही.

आपला नम्र,

(सही)
चिटणीस, चर्च धावगट
दि. १४, गुरुवार